संगणकाची बालबोध भाषा

संगणकास आज्ञा देण्याच्या भाषा बेताच्या कुवतीच्या माणसास झेपतील अशा रचाव्यात, की निष्णातांच्या हाती शोभतील अशा, हा वाद जुना आहे. दुबळ्यांसाठी रचलेली भाषा दुबळीच होणार, असे पुष्कळांचे मत. आम्हांस ते पटत नाही.

आपल्या मराठीतच पाहा. मोडी ही सराईत कारकुनाची लिपी. ऱ्हस्वदीर्घाची तमा न बाळगता, हात न उचलता झरझर लिहावी, आणि वाचणाराने संदर्भाने ओळखावे. देवनागरीस मात्र वडीलधाऱ्यांनी ‘बालबोध’ म्हटले. म्हणून ती उणी ठरली काय? थोर ग्रंथ तिच्यातच छापले गेले, आणि मोडी दफ्तरे वाचणारा आज शोधावा लागतो.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचलेली ‘सी’ ही भाषा लिहिणारावर पूर्ण विश्वास टाकते. शंभर घरांच्या रांगेत कोणी एकशे-एकाव्या घरी लिहू लागला, तरी ती त्यास अडवीत नाही. परंतु आपल्या प्रणालींतील सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशाच गैरवापरातून उद्भवतात, असे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी सांगितले. तेथे काही नवशिके कामास नव्हते! कुंपण केवळ दुबळ्यास लागते, हा भ्रम होय.

अर्थात सोपेपणाही तपासून घ्यावा. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ यांनी सामान्य विद्यार्थ्यांसाठी ‘बेसिक’ रचली; तीत एका ओळीवरून वाटेल त्या ओळीवर उडी मारता येई, आणि आज्ञा वाढल्या की सारा गुंता होई. याउलट, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पायथन’ने नवशिक्यांसाठी केलेल्या ‘एबीसी’ या भाषेपासून बरेच घेतले, आणि आज मोठमोठे शास्त्रज्ञ ती वापरतात.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात तर कमी कुवतीचा कोण, हे ठरविणेच कठीण. घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी. आणि संगणकापुढे बसताच ‘इफ’ आणि ‘व्हाइल’. कापसाचा हिशेब तोंडी करणारा मुलगा तेथे अडखळला, तर त्यास मठ्ठ म्हणावे काय? चुकल्यावर मिळणारा खुलासाही इंग्रजीत, आणि तोही वकिली थाटाचा.

भाषेचे सामर्थ्य कमी करा, असे आम्ही म्हणत नाही. कोठे चुकले व का चुकले, एवढे आम्हांस समजेल अशा शब्दांत सांगावे. आमच्याच जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीस २०१८ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले; मग चुकीचा खुलासा करणारे एक मराठी वाक्य पडद्यावर उमटविणे अवघड नसावे.