एकाच सेवेला दोन न्याय

रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या परिचारिकेसमोर एखादा माणूस कोसळला, तर तिने काय करावे? माणुसकीचे उत्तर सोपे आहे. कायद्याचे उत्तर मात्र तो माणूस कोठे कोसळला आणि मदत करणाऱ्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, यावर अवलंबून राहते.

वाहन-अपघात असेल तर तिला निश्चित संरक्षण आहे. मदतकर्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्‌भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करणाऱ्याच्या हातून चूक झाली, त्यात जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. परंतु लोकलच्या डब्यात हृदयविकाराचा झटका आलेला कामगार, उसाच्या फडात उन्हाने कोसळलेली मजूर स्त्री, सर्पदंश झालेला शेतकरी हे सारे या कलमाच्या कक्षेबाहेर आहेत.

तेथे फौजदारी कायदा लागू होतो आणि तेथेच खरा भेदभाव आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती; डॉक्टर असो वा परिचारिका, मोजमाप एकच होते. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने कलम १०६ (१) अन्वये ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. त्याच कलमात वैद्यकीय उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र ती दोनच वर्षे ठेवली. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते, वैद्यकीय नोंदवहीत नव्हे. म्हणून ती सवलतीबाहेर! एकाच रुग्णाच्या छातीवर दाब देणाऱ्या दोघांपैकी एकाला दोन वर्षांची भीती, दुसरीला पाच वर्षांची. डॉक्टरांच्या संघटनेचा शब्द दिल्लीत ऐकला जातो. परिचारिकेचा जात नाही, एवढाच याचा अर्थ.

सद्‌भावनेने दुसऱ्याच्या हितासाठी केलेले कृत्य गुन्हा नाही, असे संहितेचे कलम ३० सांगते, हे खरे. पण तो न्यायालयात मांडायचा बचाव आहे आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तोवर पोलीस ठाणे, वकिलाची फी, नोकरीवरील टांगती तलवार हे सारे तिने सोसायचे. कंत्राटी परिचारिकेला निर्दोष सुटकाही परवडणारी नसते.

अशा संरक्षणाने गरीब रुग्णाचा दाद मागण्याचा हक्क बुडेल, असा आक्षेप आपल्यातीलच काही साथी घेतील. तो विचारात घेण्याजोगा आहे. मात्र आपली मागणी पगार घेऊन कामावर असताना केलेल्या हयगयीला माफी मिळावी अशी नाही. रुग्णालयाची जबाबदारी कायमच राहावी. प्रश्न फक्त विनामोबदला, सद्‌भावनेने, आणीबाणीत दिलेल्या मदतीचा आहे. आणि अशा मदतीवाचून सर्वाधिक मरतो तो गरीबच. श्रीमंताच्या दाराशी रुग्णवाहिका लवकर पोहोचते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे लाभ समाजाचा आणि जोखीम एकटीची अशी वाटणी झाली आहे. अशा व्यवस्थेत सत्कृत्याचा पुरवठा आटतो, यात नवल नाही. परिचारिकेचे कौशल्य बहुधा सार्वजनिक पैशातून नव्हे, तर तिच्या आईबापांच्या कर्जातून उभे राहते. ते ती फुकट द्यायला तयार असताना समाजाने निदान जोखीम तरी उचलावी.

म्हणून दोन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. कलम १३४-अ मधील संरक्षण वाहन-अपघातापुरते न ठेवता प्रत्येक आकस्मिक संकटाला लागू करावे. आणि कलम १०६ (१) मधील भेद रद्द करून नोंदणीकृत परिचारिकेला डॉक्टरांच्या बरोबरीने वागवावे. परिचारिकांच्या संघटनांनी पुढाकार घ्यावा आणि कार्यकर्त्यांनी त्यांच्या मागे उभे राहावे. ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणाऱ्या समाजाने त्या नात्याचे उत्तरदायित्वही पत्करले पाहिजे.