चौकटींतील अक्षरें

गेल्या चातुर्मासांत आमच्या उजव्या डोळ्याच्या मध्यभागीं एक धुरकट ठिपका आला आणि तो अद्यापि गेलेला नाहीं. डाव्या डोळ्याचीही वाट तीच आहे, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. "मोठीं व ठळक अक्षरें वाचीत जा," एवढाच त्यांचा उपाय. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेल्या माणसास हें ऐकून काय वाटलें असेल, तें वाचकांस सांगावयास नको.

आमचा नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीच्या सुटींत तो घरीं आला, तेव्हां एका जुन्या संगणकावर त्याचा एक अभ्यास चालला होता. कोणत्याही तयार साधनाचें साहाय्य न घेतां पडद्यावर अक्षर स्वतः काढावयाचें, हा त्याचा विषय. आमच्या डोळ्याची हकीकत कळतांच तो म्हणाला, "आजोबा, हें तुमच्याच उपयोगी पडेल. तुम्ही शेजारीं बसा." आम्ही बसलों, आणि जें समजलें तें येथें मांडीत आहों.

पडद्यास अक्षर म्हणून कांहीं ठाऊक नसतें. त्यास ठाऊक असतात ते केवळ बिंदु. नातवाच्या पडद्यावर आडव्या ओळींत १३६६ बिंदु आणि अशा ७६८ ओळी, म्हणजे एकंदर १०,४९,०८८ बिंदु होते. प्रत्येक बिंदूच्या रंगाची नोंद संगणकाच्या स्मृतींत एका सलग पट्ट्यांत असते. त्या पट्ट्यास फ्रेमबफर म्हणतात. एका बिंदूस चार बाइट: तांबडा, हिरवा व निळा यांस एकेक, आणि चौथा बहुधा बिनउपयोगाचा. पट्ट्यांतील आंकडा बदलला कीं पडद्यावरील त्या बिंदूचा रंग बदलतो.

अक्षराचा सांचा निराळा ठेवावा लागतो. १९८७ सालीं आयबीएम कंपनीच्या व्हीजीए यंत्रणेबरोबर आलेला, ८ घरें रुंद व १६ घरें उंच असा सांचा आजही वापरांत आहे. नातवानें तोच घेतला. इंग्रजी मोठ्या ‘ए’चें उदाहरण पाहा. पहिल्या दोन ओळी रिकाम्या. तिसरींत एकच घर भरलेलें, चौथींत तीन, पांचवींत मधलें एक सोडून दोहों बाजूंस दोन-दोन. आठव्या ओळींत सात घरें सलग भरलेलीं. तीच त्या अक्षराची आडवी दांडी.

हें पाहून आम्हांस पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रांतील प्रस्तार आठवला. रिकामें घर तें लघु, भरलेलें तें गुरु. आठ अक्षरांच्या चरणाचा प्रस्तार मांडिला तर २५६ भेद होतात. आठ घरांच्या ओळीचेही तितकेच, आणि एका बाइटांत मावणाऱ्या संख्याही तितक्याच. एका अक्षराच्या १६ ओळी म्हणजे १६ बाइट. २५६ अक्षरांचा सबंध संच ४,०९६ बाइटांत बसतो. नातवास प्रस्तार ठाऊक नव्हता व आम्हांस बाइट. त्या संध्याकाळीं उभयतांची देवघेव झाली.

काढण्याची रीत सोपी आहे. सांच्याची एकेक ओळ घ्यावी, डावीकडून घरें पाहत जावीं. गुरु असेल तेथें शाईचा रंग लिहावा व लघु असेल तेथें कागदाचा. लघु घर तसेंच सोडून दिलें तर आधींचें अक्षर खालून डोकावतें, न पुसलेल्या पाटीवर लिहावें तसें. सर्व अक्षरें एकाच रुंदीचीं असल्यामुळें सत्ताविसावें अक्षर कोठें पडेल हें २६ ला ८ नें गुणून कळतें. मागील अक्षरांची मोजदाद करावी लागत नाहीं.

इतकें असूनही पहिल्या रात्रीं सारीं अक्षरें डावीकडे कलंडून विसकटलीं. १३६६ बिंदु गुणिले ४, म्हणजे ५,४६४ बाइटांची एक ओळ, हा नातवाचा हिशेब तीनदां तपासूनही चुकेना. आम्हांस अक्षर दिसत नव्हतें, पण ओळींचा कल दिसत होता. आम्ही म्हणालों, "अरे, प्रत्येक ओळ सारख्याच मापानें सरकते आहे. समास धरला आहेस कीं नाहीं?" तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हंसूं लागला. ओळीच्या लांबीस ६४ नें निःशेष भाग जावा म्हणून यंत्रानें प्रत्येक ओळीअखेर ४० बाइट मोकळे ठेवून ती ५,५०४ बाइटांची केली होती. तो समास न धरल्यामुळें प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षां १० बिंदु डावीकडे जात होती. मुलांच्या वह्यांतील समासाविषयीं आम्हीं आयुष्यभर केलेली कटकट अशी फळास आली!

पुढें त्यानें प्रत्येक घर चौपट केलें. एका घराचे १६ बिंदु झाले, अक्षर ३२ बिंदु रुंद व ६४ उंच झालें, आणि पडद्यावर ४२ अक्षरांच्या १२ ओळी राहिल्या. काळ्या भूमीवर पिवळीं अक्षरें. कडा पायऱ्यांच्या, पण ठाशीव. भिंग न घेतां आम्हीं ती ओळ वाचली. कित्येक महिन्यांत तसें घडलें नव्हतें.

परंतु तीं अक्षरें इंग्रजी होतीं, आणि आमचें वाचन देवनागरी. देवनागरी पडद्यावर आणण्याचें ‘जिस्ट’ हें काम १९८० च्या दशकांत कानपूरच्या आयआयटींत सुरू होऊन पुढें पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलें; म्हणजे वाट अनोळखी नाहीं. तरी सारख्या चौकटींत आपली लिपि बसविणें कठीणच. शिरोरेषा अक्षराअक्षरांत जुळावी म्हणून ती चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत न्यावी लागते. युनिकोडाच्या साठवणींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनामागून येते. काढतांना ती आधीं काढावयाची, म्हणून एक पाऊल पुढचें पाहावें लागतें. ‘ण’ला लागणारी रुंदी ‘र’ला दिली तर ‘र’ पोरका दिसतो. शेवटीं असें ठरलें कीं, ‘र’ व काना यांस ८ घरांची एक चौकट, आणि ‘क’, ‘ण’, ‘स’ यांस दोन. उंची २४ घरें. मात्रावृत्तांत लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन, तसाच हा प्रकार.

हे सांचे काढण्याचें काम नातवानें आम्हांकडे दिलें आहे. चौकटींच्या कागदावर शिसपेन्सिलीनें घरें भरावयाचीं. सकाळीं ओसरीवर ऊन असतें तेवढ्या वेळांतच जमतें, आणि डाव्या डोळ्यानेंच. स्वर झाले, व्यंजनांपैकीं ‘ह’ व ‘ळ’ राहिले, नंतर जोडाक्षरें. डॉक्टरांनीं पुन्हां माघांत बोलाविलें आहे. तोंपर्यंत ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ हातावेगळे करावे, असा मानस आहे.