विश्लेषण : ‘फुकट’ आर्थिक सल्ल्याची फी कोण भरतं?

खराडीत नोकरी, वाघोलीत फ्लॅट आणि 20 वर्षांचा गृहकर्जाचा हप्ता. 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या या भागातल्या अनेक घरांचा हा हिशेब. हप्ता भरून उरलेले पैसे कुठे गुंतवायचे, हे सांगायला बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर किंवा ओळखीचा विमा एजंट तयारच असतो, तोही एक रुपया न घेता. मग ‘सेबी’कडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला फी का द्यायची?

फुकट म्हणजे किती?

म्युच्युअल फंड वितरकाचं कमिशन फंड कंपनी देते. पण ते ‘रेग्युलर’ योजनेच्या खर्चातून, म्हणजे गुंतवणूकदाराच्याच पैशातून जातं. जानेवारी 2013 पासून मिळणाऱ्या ‘डायरेक्ट’ योजनांत हे कमिशन नसतं. दरमहा 10 हजारांच्या एसआयपीवर 12 टक्के परतावा धरला, तर 20 वर्षांत सुमारे 1 कोटी रुपये जमतात. खर्चापोटी एक टक्का कमी झाला, तर सुमारे 87 लाख. (बाजार इतका शिस्तीत चालत नाही, पण अंदाज येतो.)

वितरक फसवतोच असं नाही. फॉर्म, केवायसी, वारसनोंद ही कामं तो करतो. मात्र त्याचा मोबदला विक्रीवर ठरतो आणि ‘आधी कर्ज फेडा’ या सल्ल्यावर कमिशन नसतं.

खरा सल्लागार कसा ओळखायचा?

नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. ‘एआरएन’ असेल तर तो वितरक. ‘सीएफपी’ ही पात्रता आहे, सेबीची नोंदणी नव्हे. 2020 च्या नियमांनुसार एकाच ग्राहकाला सल्लाही देणं आणि कमिशनवर योजनाही विकणं सल्लागाराला चालत नाही. लेखी करार आणि जोखीम क्षमतेची तपासणी बंधनकारक आहे. फी रोखीत घेता येत नाही. ठरावीक फीची कमाल मर्यादा वर्षाला प्रतिकुटुंब 1 लाख 51 हजार रुपये आहे. ‘हमखास परतावा’ हे शब्द ऐकू आले, तर बैठक तिथेच संपवावी.

मग प्रत्येकानं फी भरावी का?

नाही. देशभरात असे सल्लागार हजाराच्या आसपासच आहेत, त्यामुळे बरीच कामं व्हिडिओ कॉलवर होतात. दरमहा 3 हजार गुंतवणाऱ्यानं वर्षाला 25 हजार फी देणं परवडणारं नाही. त्याच्यासाठी मुदत विमा, आरोग्य विमा आणि एखादा डायरेक्ट इंडेक्स फंड पुरेसा ठरू शकतो. गृहकर्ज, कंपनीचे शेअर्स, गावाकडची जमीन आणि आई-वडिलांचा दवाखाना असा गुंता असेल, तर एकदाच फी देऊन आराखडा करून घेता येतो. अंमलबजावणी स्वतः करायची आणि गुंतवणुकीचे पैसे थेट फंडाच्या खात्यात भरायचे, सल्लागाराच्या नव्हे.