टक्क्यांवर गुन्हा ठरवू नका



विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ द्यावी की नाही, हा वाद आता शिळा झाला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुले झाले आणि बघता बघता असाइनमेंटांत उतरले. विद्या परिषदेच्या ठरावासाठी कोणी थांबले नाही. माझी तक्रार विद्यापीठे त्यावर जो उतारा शोधत आहेत त्याबद्दल आहे. प्रबंध किंवा प्रकल्प अहवाल ‘एआय डिटेक्टर’मधून काढायचा आणि आकडा मोठा आला की विद्यार्थ्याला दोषी धरायचे, ही पद्धत रुळू पाहत आहे.

टक्क्यांची सवय आपल्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी लावली. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, प्रबंधात ते ६० च्या पुढे गेले तर नोंदणी रद्द. पण त्या आकड्यामागे पुरावा असतो. कोणता परिच्छेद कुठून उचलला, हे समोर ठेवून दाखवता येते. डिटेक्टर मात्र वाक्यांची ठेवण पाहून नुसता अंदाज बांधतो. त्याचे ‘७० टक्के’ मार्गदर्शकाला सिद्ध करता येत नाहीत आणि विद्यार्थ्याला खोडता येत नाहीत. खुद्द ओपनएआयने आपला डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय बंद केली. आपण मात्र ती आता विकत घ्यायला निघालो आहोत!

यात भरडला कोण जाणार, तेही दिसते आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेले हे निबंध सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले गेले. कारण साधे आहे: शब्दसंग्रह मर्यादित आणि वाक्ये ठरावीक असली की डिटेक्टरला यंत्राचा वास येतो. मराठी माध्यमातून आलेला आणि पाठ केलेल्या वाक्यांच्या आधाराने इंग्रजीत प्रकल्प लिहिणारा आपला विद्यार्थी याहून वेगळे काय लिहितो?

खरे तर चॅटजीपीटीसारख्या साधनाचा सर्वाधिक फायदा याच विद्यार्थ्याला आहे. इंग्रजी संदर्भग्रंथातला अडलेला उतारा मराठीत समजून घेता येतो, वर्गात विचारायला लाज वाटेल असा प्रश्न रात्री अकराला विचारता येतो. धोकाही आहेच. मराठी संदर्भ मागितले तर कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके लेखकासह, प्रकाशकासह मोठ्या रुबाबात हजर होतात. ती पकडायला तो विषय वाचलेला माणूस लागतो, डिटेक्टर नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे की तोंडी परीक्षा खरोखरीची घ्या. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला गुण आजही असतात, पण अनेक ठिकाणी ती फाइलवर सही होण्यापुरती उरली आहे. हा तक्ता असा का मांडला, नमुना एवढाच का घेतला, हे पंधरा मिनिटे विचारले की अहवाल कोणाचा ते कळते. यावर ‘वेळ कुणाला आहे?’ असे उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. पदे रिक्त आहेत, वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालले आहेत. मग डिटेक्टरच्या वार्षिक वर्गणीचा पैसा या तोंडी परीक्षांच्या मानधनाकडे वळवायला काय हरकत आहे?

यंत्र आणण्याच्या घाईची किंमत मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये मोजली आहे. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना राबवला गेला, निकाल काही महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवावे लागले. विद्यार्थ्यांचे गेलेले प्रवेश मात्र परत आले नाहीत.

तेव्हा पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक विद्यापीठाने दोन ओळींचे परिपत्रक काढावे: केवळ डिटेक्टरच्या आकड्यावरून कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत, आणि एआयची मदत कुठे घेतली ते विद्यार्थ्याने अहवालातच लिहावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा