तलाव कोणाचा?

चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावात शहराचे सांडपाणी शिरत होते, जलपर्णी माजली होती. तो वाचावा म्हणून २०२१ साली ‘इको-प्रो’ संस्थेला अन्नत्याग सत्याग्रह करावा लागला. धनिकांना विहारासाठी थंड हवेची ठिकाणे आहेत. श्रमिकाला मात्र सायंकाळी सहकुटुंब, विनामूल्य बसता येईल असा गावच्या तलावाचा काठच असतो. तेव्हा त्या काठाची मागणी चैनीची मानता येणार नाही. परंतु कारंजी आणि रोषणाई यांपूर्वी सांडपाणी वळवावे, गाळ काढावा, मच्छीमारांचा हक्क राखावा. वडनेर परिसरात असे काम हाती घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा क्रम विसरू नये. लोकांच्या श्रमाने जिवंत झालेल्या पाण्याभोवती उद्या तिकीटखिडकी उभी राहता कामा नये.