बंद दारापेक्षा ताटवाट्या बऱ्या
गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या आवारात २०१८मध्ये गाणं ऐकत जेवायची जागा उघडली. जिथे बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर गायले तिथे ताटवाट्यांचा आवाज, हे कुणालाही खटकेल. पण पाचव्या जॉर्जने १९११मध्ये उद्घाटन केलेली ही वास्तू एकाच कलेची राहिली कधी? ऑपेरा गेला, संगीत नाटक आलं, मग सिनेमा. त्याच्यासाठी बाजूचे बॉक्स काढून टाकले, आणि १९९३मध्ये कुलूप लागलं. तेवीस वर्षं! त्या काळात पावित्र्य जपलं गेलं नाही, पडझड तेवढी वाढली. २०१६मध्ये, संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली, ते बॉक्स पुन्हा उभे राहिले, घुमटावरची कवी-नाटककारांची चित्रं उजळली. पण असा घुमट राखायचा खर्च नुसत्या तिकिटांतून निघणं कठीण. तो शेजारच्या गल्ल्यातून आला, तर त्यात कमीपणा कसला? महागड्या ताटामुळे साधा रसिक बाहेर राहतो, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यावर स्वस्त तिकिटाचे मराठी प्रयोग लावण्याची अट घालावीच लागेल. पैनगंगेच्या अलीकडे, आपल्या आदिलाबादेतही, बंद थिएटर पाडून गाळे काढण्याआधी ओसरीवर खानावळ आणि मधल्या दालनात भजन, दंडार, नाटक असा हिशोब एकदा मांडून पाहायला हवा.