दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात तेव्हा

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे माळ्यावरचा कॅरम खाली येतो. यंदा नातवाने पाटावर पावडर भुरभुरली आणि विचारलं, "अज्जा, ही पावडर कशाची असते?" डब्यावर 'बोरिक' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "सोनाराकडे बिळिगार असतो ना, त्याच्या नात्यातली." त्याची आजी धारवाडकडची, त्यामुळे आमच्या घरात टाकणखाराला बिळिगारच म्हणतात. नावं दोन, आतलं मूलद्रव्य एकच. बोरॉन.

हा बोरॉन हायड्रोजनशी संसार मांडतो तेव्हा मात्र वेगळाच वागतो. या संयुगांना बोरेन म्हणतात. कॅरमची पावडर जितकी गरीब, तितकी ही मंडळी जहाल. काही तर हवा लागताच पेट घेतात.

कॉलेजात शिकवत असताना मी फळ्यावर डायबोरेन मुद्दाम चुकीचं काढत असे. दोन बोरॉन, सहा हायड्रोजन, सगळे रेघांनी जोडलेले. एका रेघेला दोन इलेक्ट्रॉन लागतात. रेघा सात, म्हणजे चौदा हवेत. बोरॉनकडे प्रत्येकी तीन आणि हायड्रोजनकडे एकेक, एकूण बाराच. मागच्या बाकावरून कोणी तरी हमखास ओरडायचं, "सर, लेक्क चुकतंय!" तेच मला हवं असायचं.

हे लेक्क भल्याभल्यांचं चुकलं होतं. खरा प्रकार असा, की चार हायड्रोजन रीतसर रेघांनी जोडलेले असतात. उरलेले दोन मात्र दोन बोरॉनच्या मधोमध, पुलासारखे बसतात. प्रत्येक पुलावर तीन अणू आणि इलेक्ट्रॉन दोनच. एका पांघरुणात तिघे झोपावेत तसं. आठ आणि चार, बारा झाले. हे १९४३ मध्ये नीट मांडून दाखवलं ते ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर लॉन्ग्वेट-हिगिन्स या विशीतल्या विद्यार्थ्याने, आपले शिक्षक बेल यांच्यासोबत. पुढे प्रयोगांनीही त्याला दुजोरा मिळाला.

पण ज्यांच्यामुळे हे कोडं जगापुढे आलं, त्या आल्फ्रेड स्टॉक यांची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास बोरेनचा पिच्छा धरला. हवेत काम करणं अशक्य, म्हणून त्यांनी हवा काढून घेतलेल्या काचनळ्यांचं जाळं उभारलं. तोट्यांना लावायचं ग्रीस हे वायू खाऊन टाकत, म्हणून झडपा पाऱ्याच्या केल्या. वर्षानुवर्षं त्या बंद खोल्यांत पाऱ्याची वाफ पोटात जात राहिली. डोकं दुखे, चक्कर येई, नाक वाहे, ऐकू कमी येऊ लागलं. सगळ्यांत वाईट म्हणजे स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कारण कळायला १९२४ उजाडलं. मग १९२६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दुखण्याचा सविस्तर लेख छापून पाऱ्याच्या वाफेबद्दल सगळ्यांना सावध केलं.

त्यांच्या बोरेनचा तेव्हा कोणाला काही उपयोग नव्हता. पण त्यांचं पुस्तक १९३६ मध्ये शिकागोत हर्बर्ट ब्राऊन या गरीब घरच्या मुलाच्या हाती आलं. पदवी मिळाल्याबद्दल त्याची मैत्रीण सारा हिने ते भेट दिलं होतं. तेच का निवडलं? तर दुकानातलं रसायनशास्त्राचं सगळ्यांत स्वस्त पुस्तक तेच होतं, दोन डॉलर सहा सेंट! ब्राऊन यांनी जन्मभर बोरेनवरच काम केलं, साराशी लग्न केलं आणि १९७९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. औषधांच्या कारखान्यांत वापरलं जाणारं सोडियम बोरोहायड्राइड हे त्यांच्या आणि त्यांच्या गुरूंच्या कामातून आलं.

आता माझी चूक सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत फुटलेल्या थर्मामीटरांतला पारा शाईच्या जुन्या दौतीत साठवलेला असे. मुलं तो तळहातावर घेऊन फिरवत, आणि मी कौतुकाने बघत असे. "पादरस बघा कसा पळतोय!" त्याच वर्गात मी स्टॉक यांचं नाव परीक्षेसाठी लिहून देत होतो. त्यांचं दुखणं मी वाचलं ते निवृत्तीनंतर.

परवा औषधांच्या डब्यात काचेचा जुना थर्मामीटर सापडला. नातवाला तो हवा होता, दिला नाही. तुमच्या घरी असा एखादा फुटलाच, तर पोरांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. केरसुणी लावू नका, तिने थेंब आणखी फुटून सगळीकडे पसरतात. जाड कागदाने ते एकत्र लोटून झाकणाच्या बाटलीत भरा आणि बूच घट्ट लावा. बाटली नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, असला कचरा वेगळा कुठे घेतात ते पालिकेत विचारा. आणि हो, उघड्या दौतीत तर मुळीच ठेवू नका.